गजभिये सरांचे अधिक-उणे

गजभिये सर लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना नमस्कार करत नाहीत, मोजतात.

आम्ही राहतो सिंगापुरात, क्लेमेंटीला, एकाच ब्लॉकमध्ये. ते सातव्या मजल्यावर, आम्ही नवव्या. सकाळी साडेसहाला मी लिफ्टमध्ये असते आणि सातव्यावर ते शिरतात. गळ्यात जुरोंग आयलंडच्या रिफायनरीचा पास, हातात डबा, नजर दारावर. वाटेत दप्तरवाली मुलगी आली की पुटपुटतात, "अधिक एक." ट्रॉली ओढत बाजाराला निघालेल्या बाई आल्या, "शून्य." तिसऱ्या मजल्यावरचे दांडगे अंकल पक्ष्याचा पिंजरा सांभाळत आले की "उणे एक." तळमजल्यावर दार उघडलं की एकूण सांगतात. "अधिक दोन. दिवस बरा जाईल, ताई. जय भीम." आणि कंपनीच्या बसकडे चालू लागतात.

पहिले सहा महिने मला वाटलं, हे लिफ्टमधल्या वजनाची काळजी करतात. रिफायनरीतला माणूस, सुरक्षिततेची सवय असणार. मी चारचौघांत त्यांचं कौतुकही केलं होतं.

खरा प्रकार कळला तो बुद्धपौर्णिमेला. इथे त्या दिवशी सुट्टी असते. आमची तीसेक मराठी कुटुंबं ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत जमतात, वंदना होते, मग जेवण. कोणी काय करून आणायचं याची यादी माझ्याकडे असते, कारण यादी केली नाही तर नऊ घरांतून खीर येते आणि पोळ्या कुणाच्याच येत नाहीत. त्या वर्षी यादीत होतं, 'गजभिये – मसालेभात'. सर मसालेभात घेऊन आले आणि खिशातून पत्त्यांचे दोन कॅट काढून मुलांमध्ये बसले.

"ही दुर्री. हलका पत्ता. डावातून गेली, बरं झालं, अधिक एक. तिर्री, चव्वी, पंजी, छक्की, यांचंही तेच. सत्ती, अठ्ठी, नव्वी, यांना कोणी विचारत नाही, शून्य. दश्शीपासून एक्क्यापर्यंत सगळे वजनदार. ते गेले की आपलं नुकसान, उणे एक. गेलेल्या पत्त्यांची बेरीज डोक्यात ठेवायची. बेरीज अधिक असली म्हणजे काय? म्हणजे ज्या डब्यातून पत्ते वाटतात, त्यात वजनदार मंडळी शिल्लक आहे. तेव्हा मोठं लावायचं. उणे असली तर गप बसायचं. समजलं?"

मुलांना लगेच समजलं. त्यांच्या आयांनाही समजलं, म्हणून एकीनं आपल्या मुलाला दंडाला धरून उठवलं.

"सर, हा ब्लॅकजॅक. जुगार आहे हा!"

"जुगार काहून? जुगारी खेळतो. आपण मोजतो." हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून चार वेळा तरी ऐकू येतं.

"आणि पंचशील? आत्ताच म्हटलं ना आपण?"

सरांनी पाच बोटं वर केली. "हिंसा करतो का मी? चोरी? व्यभिचार? खोटं बोलतो? दारू पितो? पाचही शीलं शाबूत आहेत. मोजून घ्या."

मी त्यांच्या बाजूनं बोलणार नव्हते. पण पाच बोटं पाचच भरली, हे मान्य करावं लागलं.

सरांचं घर म्हणजे पत्त्यांचं गोदाम. वंदनाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, तांदळाच्या डब्यात बदामची राणी सापडते. चहात साखर कमी झाली तर सर "साखर उणे" म्हणतात आणि वंदना "डोकं उणे" म्हणते. मुलगी मैत्रेयी ज्युनिअर कॉलेजात. तिच्या मैत्रिणी आल्या की सर दारात उभे राहून ओठ हलवतात आणि आतून आवाज येतो, "पा, डोंट काउंट माय फ्रेंड्स, लाह!"

मोजायची भाषा मात्र ठरलेली, मराठी. इंग्रजी पत्त्यांच्या टेबलावरच्या प्रत्येकाला कळतं, हिंदी निम्म्यांना. आणि मराठीत सरांच्या हाताशी एक जुनं हत्यार आहे. बेरीज नुसती पुरत नाही. डब्यात किती कॅट उरले त्यानं तिला भागावं लागतं, मग खरा आकडा मिळतो. दोन कॅट असतील तर कोणीही भागेल. अडीच असतील तर? साडेतीन असतील तर? सर नागपूरच्या महापालिकेच्या शाळेत शिकले. तिथल्या गुरुजींनी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी छडीच्या जोरावर पाठ करून घेतलेली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. "जगात औटकी कोणत्या कामाची, असं आम्ही गुरुजींना विचारायचो," सर सांगतात. "चाळीस वर्षांनी उत्तर सापडलं, समुद्रात."

समुद्रात म्हणजे जहाजावर. तेव्हा सिंगापुरात कसिनो नव्हता. बांधायचं ठरलं होतं, वर्तमानपत्रांतून उलटसुलट पत्रं येत होती, पण पाया अजून खणायचा होता. तोवर ज्याला हौस, त्यानं धक्क्यावरून छोट्या फेरीबोटीनं हद्दीबाहेर उभ्या असलेल्या जहाजावर जायचं. सर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी निघत आणि दिवेलागणीला परत येत. सोबत दोनशे डॉलर. आणि एक पाकीट.

या पाकिटाबद्दल मला वंदनानं सांगितलं. एका शनिवारी ती नवव्या मजल्यावर आली, सोफ्याच्या अगदी कडेवर बसली.

"ताई, तीन हजार डॉलर आहेत त्याच्यात. बोनसचे. वरून लिहिलंय 'अधिक चार'. खरा आकडा अधिक चार झाला, की सगळं एका डावावर ठेवणार म्हणतात. दोन वर्षं वाट पाहून राहिले. मी सांगितलं, हे पाकीट ज्या दिवशी फुटेल, त्या दिवशी मी मैत्रेयीला घेऊन नागपूरला. मग तुम्ही अन् तुमचे पत्ते."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, तू राणी आहेस, तू गेलीस तर उणे एक." वंदनाला हसू येत होतं आणि येऊ द्यायचं नव्हतं. "ताई, तुम्ही यादीवाल्या बाई. तुम्हाला कोणी फसवत नाही. एकदा जाऊन बघा ना, हा माणूस तिथे काय करतो."

मी बुओना व्हिस्टाच्या एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळेची व्यवस्था बघते. एखादी बाटली जागेवर नसली तर ती कुठे गेली हे शोधणं माझं रोजचं काम. मी वहीत तीन प्रश्न लिहिले. पाकीट उघडतात का? किती हरतात? हे सगळं कशासाठी?

सरांना म्हटलं, मला शिकायचं आहे. त्यांचे डोळे भरून यायचे बाकी होते. तीन आठवडे रोज संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवणी चालली. ते पत्ते टाकत, मी मोजत. माझं चुकलं की ते काही बोलत नसत, नुसते नाकानं श्वास सोडत. शेवटच्या आठवड्यात मी सहाच्या सहा कॅट न चुकता मोजले. सर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "साहेब, तुमच्या घरात इंजिनिअर आहे, तुम्हाला पत्ता नव्हता." नवरा म्हणाला, "पत्ता कसला, घरात आता पत्तेच पत्ते आहेत."

पहिल्या रविवारी आम्ही निघालो. फेरीत सरांनी सूचना दिल्या. ओठ हलवायचे नाहीत. वही काढायची नाही. (मी पर्समध्येच ठेवली.) आणि तिथे एक आंटी भेटेल, तिच्यासमोर ब्लॅकजॅकवर चर्चा करायची नाही.

आंटीला मी बघितल्याबरोबर ओळखलं. आंटी गेक. आमच्या ब्लॉकसमोरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, टेबलं पुसते, उष्ट्या थाळ्या गोळा करते. सत्तरीची, केस पांढरे, पाठीला किंचित बाक. तिथे ती निळ्या गणवेशात असते, इथे फुलाफुलांचा ब्लाउज घालून आली होती, मांडीवर लाल पर्स. सरांसाठी तिनं शेजारची खुर्ची पिशवी ठेवून धरली होती.

"प्रोफेसर! लेट अगेन, लाह! दिस युअर वाइफ?"

"सिस्टर," सर म्हणाले.

"सिस्टर मोअर गुड लुकिंग दॅन यू," आंटीनं निकाल दिला आणि पिशवी उचलली.

खेळ सुरू झाला. पत्ते वाटणाऱ्या मुलीचे हात भराभर चालत होते. सर दहा डॉलर लावत, कधी जिंकत, कधी हरत. मी खेळत नव्हते. मागे उभी राहून मोजत होते. आंटीही दहाच लावायची, पण प्रत्येक डावाआधी सरांच्या हाताकडे बघायची. ते थांबले की थांबायची. दर दहा मिनिटांनी लाल पर्सची चेन उघडायची आणि विचारायची, "प्रोफेसर, नाऊ गुड ऑर नॉट?"

"उणे, आंटी," सर म्हणायचे. "गो ईट."

"आयो, उणे!" आंटी पर्सची चेन लावायची आणि उठून जेवणाच्या हॉलकडे जायची. जहाजावर जेवण फुकट होतं. परत यायची, चार डाव खेळायची, पुन्हा "उणे, आंटी." पुन्हा जेवायला. दुपारपर्यंत तिनं भात, नूडल्स, तीन वेळा फळं आणि कोंबडीचे पंख खाल्ले असतील. मराठीतला हा एकच शब्द तिला येत होता आणि त्याचा अर्थ 'जेवायला जा' असा आहे, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

मला मात्र शंका आली. पहिल्यांदा सर "उणे" म्हणाले, तेव्हा माझी बेरीज होती अधिक दोन. मला वाटलं, माझं चुकलं. दुसऱ्यांदा माझी अधिक पाच, सर म्हणाले "उणे". तेव्हा वाटलं, सर थकले. तिसऱ्यांदा मी मुद्दाम बोटं मोडत मोजलं. अधिक सात. सर अगदी शांतपणे म्हणाले, "उणे, आंटी. व्हेरी उणे. गो ईट." आंटी गेली.

ज्या माणसानं मला तीन आठवडे नाकानं श्वास सोडून छळलं, तो ओळीनं तीनदा चुकेल? मी वाकून कानाशी म्हटलं, "सर, सात आहेत."

"नऊ," सर म्हणाले. "दुर्री अन् तिर्री आत्ता गेली. तुम्ही बोलत होत्या."

म्हणजे मोजत होते. बरोबर मोजत होते.

पुढची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. दुर्री, चव्वी, पंजी, पुन्हा दुर्री, छक्की. हलके पत्ते जत्रेला निघाल्यासारखे एकामागून एक बाहेर पडत होते. दहा. अकरा. तेरा. सरांचा कान लाल झाला. चौदा. मी डब्याकडे बघितलं. अडीच कॅट निघाले होते, साडेतीन उरले होते.

"चार औटे चौदा," सर ओठ न हलवता म्हणाले.

अधिक चार.

त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला आणि पाकीट मांडीवर आलं. नागपूरचे गुरुजी, दोन वर्षं, चोवीस रविवार, तांदळातली राणी, सगळं त्या मांडीवर होतं. मला वंदना दिसत होती, सोफ्याच्या कडेवर बसलेली. त्यांना अडवायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर माझीसुद्धा बोटं शिवशिवत होती.

तेवढ्यात आंटी गेक परत आली. टिश्यूमध्ये गुंडाळलेले दोन करीपफ तिनं सरांपुढे ठेवले. "यू नेव्हर ईट. ओन्ली आस्क मी ईट." मग बसली. मग पर्सची चेन उघडली आणि सरांच्या हाताकडे बघितलं.

पर्समध्ये दुमडलेल्या नोटा होत्या. थाळ्या उचलण्याचा महिन्याचा पगार असावा, एवढ्या.

"प्रोफेसर. नाऊ गुड ऑर नॉट?"

सरांनी पाकीट परत खिशात घातलं. सावकाश, बटणासकट.

"उणे, आंटी."

"अगेन उणे? आय फुल ऑलरेडी, लाह!"

"देन सिट. डोंट प्ले. उणे."

आंटी पर्स बंद करून बसून राहिली. आणि गजभिये सर त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा डबा दहा-दहा डॉलरनं खेळले. एक्का आणि राजा. दहा डॉलर. दोन राण्या. दहा डॉलर. पुन्हा एक्का, पुन्हा गुलाम. वाटणारी मुलगीसुद्धा हसायला लागली. आंटी म्हणाली, "वाह, प्रोफेसर! उणे ऑल्सो कॅन विन, आह?"

"लक, आंटी," सर म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

परतीच्या फेरीत आंटी पुढच्या बाकावर झोपली होती, पिशवी पोटाशी धरून. आम्ही करीपफ खाल्ले. मी वही काढली.

"सर, तुम्ही तिच्याशी खोटं बोलता."

"हो."

"नेहमी?"

"तिची पर्स उघडली की." ते समुद्राकडे बघत होते. "मी दुसऱ्यांदा जहाजावर आलो, तेव्हा ही भेटली. सगळा पगार गेला होता. पुढचे चार दिवस हॉकर सेंटरमध्ये दुपारी नुसतं पाणी पिऊन काम करत होती, मी पाहिलं. नवरा गेल्यावर लागला तिला हा नाद. सांगून ऐकेना. मग म्हटलं, मी मोजतो, मला कळतं. हे मात्र ऐकलं. प्रोफेसरचं ऐकते."

"पण ती का? तुमची कोण ती?"

सर करीपफचे कण टिश्यूत गोळा करू लागले.

"वंदना अन् पोरगी यायच्या आधी दोन वर्षं मी इथे एकटा होतो, ताई. शिफ्टवरून आलो की हॉकर सेंटरमध्ये टेकायचो. कोणाशी ओळख नाही, भाषा धड कळत नाही. दिवसभरात माझ्याशी कामाशिवाय बोलणारं माणूस एकच. ही. फडकं हातात घेऊन विचारायची, 'ईट ऑलरेडी?' रोज. दोन वर्षं. नाही म्हटलं तर टेबल मोकळं करून द्यायची. दुसरं कोणीच विचारत नव्हतं, जेवलास का म्हणून."

मी हिशेबाकडे वळले. "म्हणजे सर, चौथं शील मोडलंत."

त्यांनी पाच बोटं वर केली, एक मिटवलं. "एक उणे," ते म्हणाले. "बाकीची चार आहेत."

घरी येऊन मी सातव्या मजल्यावर थांबले. वंदना दारातच होती. मी वहीतून वाचून दाखवलं. पाकीट बंद आहे. आज हरले नाहीत. दिवसभर जेवले नाहीत, त्यांना वाढ. आणि पुढच्या महिन्यात जाऊ दे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी वहीत लिहिलं नव्हतं, ते तोंडी सांगितलं. वंदना ऐकून आत गेली आणि तिनं कुकर लावला. पुढच्या पहिल्या रविवारी सरांच्या हातात दोन डबे होते. दुसऱ्यावर वंदनाच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'आंटी'.

त्यानंतर महिनाभरानं एका दुपारी मी हॉकर सेंटरमध्ये चहा घ्यायला थांबले. कामाची गडबड होती, जेवण राहून गेलं होतं. बसायला एक टेबल रिकामं नव्हतं. निळ्या गणवेशातल्या आंटी गेकनं मला लांबून ओळखलं. फडकं खांद्यावर टाकून आली आणि माझ्या हातातल्या एकट्या चहाकडे बघितलं.

"प्रोफेसर सिस्टर! यू उणे ऑलरेडी ऑर नॉट?"

"नॉट येट," मी म्हटलं.

आंटीनं शेजारच्या टेबलावर फोनवर बोलत बसलेल्या टायवाल्याची रिकामी थाळी उचलली. "यू उणे फिनिश! गो, गो!" तो बिचारा काही न समजता उठला. तिनं टेबल दोनदा पुसलं, मला बसवलं, समोरच्या स्टॉलवरून भात आणायला लावला, आणि मी पहिला घास घेईपर्यंत हलली नाही.